नारळ कुणाच्या हातानं फोडायचा

गरिबाला घर देऊ नका, असं म्हणणारा माणूस मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही. एकही नाही, शपथेवर सांगतो. ग्रामसभेत जो उठला तो ‘घरं झालीच पाहिजेत’ असं म्हणूनच उठला, आणि ‘फक्त आमच्या आळीत नकोत’ एवढं सांगून खाली बसला. या दोन वाक्यांच्या मधे माझी सगळी नोकरी गेली.

मी ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला म्हणे भारदस्त नाव दिलंय. ते मिळालं तेव्हा मी निवृत्त होऊन परसात वांगी लावत होतो. गावात ग्रामसेवकाला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘भाऊसाहेब’ म्हणतात. नळाला पाणी नाही, भाऊसाहेब. दाखला पाहिजे, भाऊसाहेब. कुत्रं चावलं, तरी भाऊसाहेबच. निम्मी नोकरी साताऱ्याकडं झाली, मग बायकोच्या माहेराच्या ओढीनं सांगली जिल्ह्यात बदली मागून घेतली. ओढ तिची, अर्ज माझा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घरकुल म्हणजे सरकारनं पैसे दिले की घर उभं राहिलं. ज्याची स्वतःची जागा आहे त्याचं होतंही तसं. खरी रड ज्याला जागाच नाही त्याची. त्याच्यासाठी गावातली सरकारी जमीन शोधायची, ग्रामसभेत ठराव करायचा, तो तालुक्याला पाठवायचा, तिथून तो वर जाणार, मग मोजणीदार येऊन खुणा घालणार, आणि मग कुठं पाया खणायचा. बाकीचं सगळं सरकारच्या हातात, पण ठराव गावाच्या हातात. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो आणि समोर बसलेल्यांचे हात वर जावे लागतात. माणसाला स्वतःचा हात किती जड होतो, ते मी ग्रामसभेत बसून बघितलंय.

वाईजवळच्या एका गावात एक निवृत्त गुरुजी होते. काय बोलले हो ते त्या दिवशी! निवारा, माणुसकी, संतांची शिकवण, सगळं आलं. सभेत दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्याआधी ऑफिसच्या पायरीवर हजर. म्हणाले, “भाऊसाहेब, ती जागा तेवढी बदला. आमच्याकडं लग्नकार्याला पाहुणे आले की गाड्या तिथंच लागतात.” मी म्हटलं, “गुरुजी, कालचं भाषण?” तर म्हणाले, “ते तत्त्व झालं. हे व्यवहाराचं बोलतोय.” मला हसावं का रडावं कळेना. त्यांच्या घरी वर्षाला पाहुणे किती येत होते, ते त्यांनाच माहीत.

असं डोकं फोडून घेतल्यावर मला एक युक्ती सापडली. शिराळ्याकडच्या एका गावात पलटणीतून सुभेदार होऊन आलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या गोठ्याच्या पलीकडं तीन घरकुलं व्हायची होती. सुभेदारांनी तिथं काठी घेऊन अक्षरशः पहारा लावला. “हितं वीट पडली तर मी हाय आन् तुमी हाय!” तालुक्याचे साहेब म्हणाले, पोलीस घेऊन जा. मी पोलीस नेले नाहीत, नारळ नेला. भूमिपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तो सुभेदारांच्या हातात दिला आणि म्हटलं, “तुमच्याशिवाय कुणाच्या हातानं फोडणार? सीमेवर राहिलेला माणूस गावात दुसरा कोण आहे?” सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं. नारळ हातात आल्यावर आमच्याकडं माणूस तो खाली ठेवत नाही. फोडला त्यांनी.

आमच्या भागात ज्याच्या हातानं नारळ फुटतो तो त्या कामाचा घरचा माणूस होतो. मग त्या कामात खोट निघाली तर ती त्याच्या घरची खोट. सुभेदार त्या दिवसापासून सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री घालायला धावू लागले, गवंड्याला शिव्या घालू लागले. “आमच्या घरांना वाळू असली?” आमच्या! मी त्या दिवशी मोटारसायकलवर गाणं म्हणत घरी गेलो. त्यानंतर जिथं विरोध असेल तिथं विरोधकाच्या हातात नारळ द्यायचा, हा माझा नियमच झाला. इतर ग्रामसेवक मला विचारायला यायचे. मी पण मिशीवर ताव मारून सांगायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मायाक्का मला भेटली ती सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावात. पैशानं गबर, उसानं हिरवंगार गाव. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याला खेटून धनगरांची पाच-सहा खोपटी. ही माणसं दुष्काळी जतकडची. पूर्वी त्यांचे आईबाप उन्हाळ्यात मेंढरं घेऊन इकडं उतरायचे. मेंढरं रानात बसवली की लेंडीखतानं रान कसदार होतं, म्हणून शेतकरी त्यांना आपल्या वावरात या म्हणून आग्रह करायचे. पुढं मेंढरं संपली, माणसं ऊसतोडीला, भांगलणीला राहिली. रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, मुलं इथल्याच शाळेत. पण गाव अजून त्यांना ‘जतवाली’ म्हणायचं. मेंढरं रानात चालायची गावाला, माणसं आळीत चालत नव्हती.

नदीला पूर आला की पाणी आधी ओढ्यातनं मागं चढतं. गावात चावडीपर्यंत पाणी यायच्या आधी यांच्या चुली बुडालेल्या असतात. मायाक्का विधवा बाई, लेक-सुना मुंबईकडं गेले ते गेलेच, तिच्याजवळ नात तानी. पहिल्यांदा मी तिथं गेलो तेव्हा तिनं मला खोपटाच्या मेढीवर, छप्पर पेलणाऱ्या खांबावर, चिखलाची खूण दाखवली. तिच्या डोक्याच्या वर होती. म्हणाली, “भाऊसाहेब, घर मोटं नगं. पन जरा उंचावर द्या. रातीला पाऊस लागला की म्या झोपत न्हाई. पोरीच्या अंगावर हात ठिवून बसती.” एवढीच मागणी. तेवढी पूर्ण करायला मी गेलो होतो, आणि मला वाटत होतं, हे काय अवघड!

उंचावरची जागा गावात होती. रस्त्याच्या कडेचा सरकारी माळ. त्याच्या शेजारची जमीन उपसरपंच बापूंची. बापू म्हणजे अतिशय गोड माणूस. कुणाला कधी अरे-तुरे नाही. मी जागेचा विषय काढला तेव्हा त्यांनी बायकोला आत आवाज देऊन पोहे करायला लावले. “भाऊसाहेब, घरं झालीच पायजेत. त्या बायाबापड्या पुरात मरतात, आमाला बघवत न्हाई. फकस्त माळाचं म्हनाल तर… तिथं उद्या गावाला काय तरी करायला लागंल.” काय करायला लागेल, ते त्यांना सांगता येईना. मी पण चिकट. आळीआळीत फिरलो, मारुतीच्या पारावर बसलो, तरुण मंडळाच्या पोरांबरोबर कॅरम खेळलो. ग्रामसभेच्या दिवशी ठराव वाचला आणि सगळी सभा बापूंच्या तोंडाकडं बघत बसली. मी उठून म्हणालो, “पुराच्या वेळी बापूंनी स्वतः होडीत बसून या लोकांना काढलं होतं. माळावरच्या घरांचा नारळ बापूंच्याच हातानं फुटावा, अशी माझी विनंती आहे.” टाळ्या पडल्या. बापूंना हात वर करावा लागला. त्यांचा गेला तसे सगळ्यांचे गेले. ठराव सर्वानुमते मंजूर! मायाक्का बायकांच्या मागं उभी होती. तिला ‘सर्वानुमते’ शब्द कळला नाही, पण माझं तोंड बघून ती हसली.

मोजणीची वाट न बघता मी भूमिपूजन ठरवलं. त्या दिवशी गुरव म्हणाला, कोपऱ्यात एक धोंडा मांडायला पाहिजे, पूजा कशाची करायची? माळावर सगळा मुरूम, धड दगड सापडेना. मंडळी ताटकळली, बापू घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मायाक्का तुरुतुरु उतारानं खाली गेली आणि पदरात काहीतरी धरून धापा टाकत वर आली. ओढ्यावर घासून-घासून धुतलेला काळा धोंडा होता. एका अंगाची काजळी काही निघाली नव्हती. मी विचारलं, “कुठला गं?” म्हणाली, “चुलीचा हाय. तिनातला येक आनला. उद्या चूल हितंच मांडायची न्हवं?” गुरवानं हळदकुंकू वाहिलं, बापूंनी नारळ फोडला, एका घावात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग सरकारी घोंगडं भिजत पडलं. आधी निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग मोजणीची तारीख मिळेना, मग मोजणीदाराची बदली, मग पाऊस. धोंडा माळावर तसाच. पूजलेला दगड आमच्याकडं कुणी हलवत नाही, गुरंसुद्धा हाकताना लोक वळसा घालतात. त्या हंगामात उसाचा एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट माळाजवळच्या वळणावर उलटला आणि ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. त्यानं धोंड्यापुढं नारळ फोडला. त्याची चूक नव्हती, मी असतो तर मीही फोडला असता. पुढच्या अमावस्येला कुणीतरी शेंदूर लावला. मी त्या वाटेनं रोज जायचो आणि मनात म्हणायचो, असू दे, घरं झाली की दारात देव झाला, बरंच झालं.

एक दिवस बघतो तर धोंड्याखाली चौथरा. बापूंनी स्वखर्चानं बांधलेला. मी जरा बिचकून विचारलं तर हसून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमीच तर माजा हात लावलाय तिथं. माज्या हातनं नारळ फुटलाय. आता त्या देवाला उनात ठिवला तर माज्या घरादाराला काय म्हनतील?” माझं वाक्य, माझा नियम, आणि तो मला परत ऐकवला जात होता. घरचा माणूस बापू झाले होते खरे, पण घरांचे नव्हे, धोंड्याचे. अमावस्येचा पहिला नारळ त्यांचा, हा मान गावानं त्यांना देऊन टाकला होता.

मग पत्र्याचा मंडप आला. लोकवर्गणीतनं! घरांच्या पायाला एक ट्रॉली मुरूम द्या म्हणून मी दारोदार फिरलो होतो, तेव्हा सगळ्यांचे ट्रॅक्टर बिघडलेले होते. मंडपाच्या वेळी ट्रॅक्टरांची रांग लागली. गवंडी फुकट, फरशी फुकट, तरुण मंडळाची पोरं घमेली उचलतायत, बायका पाणी आणतायत. मायाक्कासुद्धा घमेली उचलत होती. गावाला बांधता येत नाही असं मुळीच नव्हतं हो. इतक्या झटक्यात आणि इतक्या आनंदानं झालेलं बांधकाम मी सरकारी नोकरीत कधी बघितलं नाही.

अखेर मोजणीदार आला. मंडप बघितला, डोकं खाजवलं, म्हणाला, “याच्याभोवती घरं कशी बसवू?” बरोबर आलेल्यांपैकी एकानं विचारलं, “देवाच्या तोंडाम्होरं संडास बांधनार काय?” मोजणीदारानं सामान गुंडाळलं. लोक म्हणाले, घरं व्हायलाच पाहिजेत, फक्त देवाजवळ नकोत, दुसरी जागा बघा. दुसरी जागा म्हणजे कुठली? शाळेमागची आळी म्हणाली इथं नको, स्टँडाजवळचे म्हणाले इथं नको. मी परत ‘घरं झालीच पाहिजेत’वर येऊन बसलो.

मला राहवेना. पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं. “मंडळी, माझाही देवावर विश्वास आहे. पण हा धोंडा कुठून आला ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. हा मायाक्काच्या चुलीचा धोंडा आहे. तिचं घर व्हावं म्हणून तिनं तो दिला. याच्या नावानं तिचंच घर अडवू नका.” मला वाटलं, लागलं कुठंतरी. लोक खाली बघत होते. एक म्हातारी तर ‘व्हय की गं बाई’ असं म्हणालीसुद्धा.

बापू सावकाश उठले. डोळे भरून आलेले, आणि ते नाटक नव्हतं, हेच तर वाईट. म्हणाले, “भाऊसाहेब, हे तर लयच मोटं झालं. गावात येवढी घरं, येवढे वाडे, आन् देवानं परगट व्हायला गरिबाची चूल निवडली! त्या माऊलीचा सत्कार झाला पायजे.” झालं! टाळ्यांचा कडकडाट. कुणीतरी पळत जाऊन साडी आणली, नारळ आणला. मायाक्काला पुढं ओढलं, खुर्चीवर बसवलं. बिचारी खुर्चीच्या कडेला टेकून माझ्याकडं बघत होती. साडी मांडीवर घेऊन तिनं हळूच मला विचारलं, “मंग घराचं झालं का, भाऊसाहेब?” मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. खरं सांगितलं तर माणसं विरघळतात, असं मी ऐकून होतो. विरघळली की. विरघळून देवाच्याच बाजूला वाहत गेली.

वर कळवायचं तेवढं कळवलं. वरून उत्तर आलं, स्थानिक पातळीवर समन्वयानं मार्ग काढावा. समन्वय म्हणजे मी. ज्या साहेबांकडं गेलो ते म्हणाले, “धार्मिक बाब आहे हो, कशाला हात घालता?” मग माझी बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात बापूंनी मला शाल घातली आणि म्हणाले, असा गरिबांची तळमळ असलेला अधिकारी पुन्हा होणे नाही. मी शाल घेतली. काय करणार होतो?

मी गेल्यावर पुन्हा पूर आला. मायाक्काचं खोपटं मेढीसकट गेलं. ती नातीला घेऊन माळावर मंडपात गेली, ओढ्यावरची बाकीची माणसंही. गावानं त्यांना जेवण पोचवलं, घोंगड्या दिल्या, पाणी असेपर्यंत कुणी काही बोललं नाही. पाणी उतरल्यावर मंडपात कांद्याची सालं, काजळी, ओली धुणी दिसली. मंडळींनी जागा धुऊन काढली आणि मंडपाला लोखंडी जाळी बसवली. पावित्र्य राखायचं म्हणून. किल्ली बापूंच्या घरी असते.

यंदा श्रावण संपता संपता त्या बाजूला एका लग्नाच्या बोलणीला जायचं होतं, तर मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. माळावर आता मंडपाच्या जागी पक्कं देऊळ आहे, आत पंखा आहे. मी जाळीतनं हात जोडले. शेंदराच्या थराखाली काजळी दिसते का बघत होतो. नाही दिसली.

खाली ओढ्याला उतरलो. त्याच जागी नवं खोपटं, नव्या मेढी. मायाक्का वाकलीय आता. मला बघून तिला कोण आनंद झाला! “तानीऽ, आपलं भाऊसाहेब आलं बघ!” तानी उंच झालीय, वयात आलीय. तिला बघायला पाहुणे येऊन गेले, ओढ्याकाठचं खोपटं बघून पुन्हा आले नाहीत, हे मायाक्कानं पोरगी पाण्याला गेल्यावर सांगितलं. मी खाली मान घालून ऐकत होतो. माफी कशाची मागायची तेही मला नीट कळत नव्हतं. मी नारळ बापूंच्या हातात दिला नसता तर घर झालं असतं का? बहुतेक नसतंच झालं. पण मला हे ‘बहुतेक’ पुरत नाही.

तिनं चहा ठेवला. चुलीला दोन जुने काळे धोंडे, आणि तिसऱ्याच्या जागी फुटकी वीट.

“भाऊसाहेब, म्या नवस बोललीय,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“त्येलाच की, वरच्याला. घर होऊ दे, पोरगी उजवू दे म्हनून. घर झालं की पयला नारळ बापूंच्या हातनं फोडीन म्हनलंय.”

मी म्हणालो, “मायाक्का, अगं तो तुझ्याच चुलीचा धोंडा आहे.”

“मला ठावं न्हाई व्हय?” ती हसली. “येवढी वर्सं माज्या हातचं खाल्लंय त्येनं. दुसऱ्या कुनाचं न्हाई ऐकनार, पन माजं ऐकंल. ऐकंल न्हवं, भाऊसाहेब?”

मी होय म्हणालो. विटेवर पातेलं कलत होतं. चहाला उकळी येईपर्यंत ती ते पदरानं धरून बसली.